देवीशी भांडता भांडता

“दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल.”

कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर हे बोलले तेव्हा मी नवऱ्याकडे बघत होते, आणि तो फरशीकडे. आम्ही आलेलो पायांची सूज दाखवायला. सकाळी उलट्या व्हायच्या, तर सासूबाई गालातल्या गालात हसायच्या. त्यांना वाटलेलं, घरात पाळणा हलणार. कसला पाळणा नि कसलं काय!

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनीने तो लघवीतून बाहेर टाकायचा असतो. माझी किडनी टाकत नव्हती, म्हणून आठवड्यातून तीनदा मशीनने रक्त धुवायचं. दुसऱ्याची किडनी बसवायची, तर नवऱ्याला शुगर निघाली, त्यामुळे त्याची चालणार नव्हती. माहेरी देणारं कोणी उरलं नाही.

तुमच्यापैकी कोणाचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं असेल, तर एक सांगते. सुईपेक्षा तहान वाईट. पाणी मोजून प्यायचं. घसा कोरडा पडतो आणि माठाकडे बघून रडू येतं.

ठाकुर्लीजवळ आमचं जुनं गाव आहे, आता चहूबाजूंनी बिल्डिंगी. चैत्रात गावदेवीची पालखी दारात आली. पालखीपुढे नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी घरातल्या आजारी माणसाला पाजायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी तांब्या भरून दिला. शेजारच्या बायकांनीही मायेने आपापल्या नारळाचं आणलं. देवीचं तीर्थ, त्यात तहान. मी घटाघटा प्यायले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी पाय उचलेनात. छातीत मध्येच काही थांबल्यासारखं व्हायला लागलं. आयसीयूत डॉक्टर नवऱ्यावर ओरडले, “नारळपाणी? अहो, त्यात पोटॅशियम असतं. किडनी ते बाहेर टाकत नाही. हृदय बंद पडलं असतं!”

मी वाचले, पण आतून संपले. देवीच्या हातचं पाणी प्यायले आणि तेच माझ्या जिवावर उठलं. मग भरवसा ठेवायचा कोणावर? त्यानंतर मशीनवर डोळे मिटायची भीती बसली. मिटले तर उघडणार नाहीत, असं वाटायचं. घरीही रात्ररात्र टक्क जागी. शेवटी नवऱ्याला सांगून टाकलं, “बस झालं. मी आता डायलिसिसला जाणार नाही.” तो लहान मुलासारखा रडला. मला त्याची दयासुद्धा आली नाही.

सासूबाई त्या दिवसापासून माझ्यासमोर येत नव्हत्या. त्या संध्याकाळी आल्या आणि खाली बसल्या.

“माझ्याच हातानं पाजलं गो पोरी. मी अडाणी. पन देवीवर राग हाय ना तुझा? मंग भांड तिच्याशी. शिव्या घाल. पन अबोला धरू नको.”

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला गेले. देवीला शिव्या घालायला म्हणूनच गेले म्हणा ना. रिक्षात बसल्यापासून तोंड सुरू. मनातल्या मनात हं! बये, डोळे फुटले का तुझे? माझंच घर सापडलं? कित्येक आठवडे मी एकटीच भांडत राहिले.

एके दिवशी भांडणच संपलं. अंगात त्राण नव्हतं, शिव्याही आठवेनात. सुया टोचल्या, रक्त नळीतून जायला लागलं. मी म्हटलं, “जा, आता तूच बघ. मारायचं तर मार, ठेवायचं तर ठेव. मी दमले.”

पुढचं मला आठवत नाही. सिस्टर खांदा हलवत होती. “ताई, उठा. केवढ्या घोरताय! पलीकडचे काका टीव्हीचा आवाज वाढवा म्हणतायत.”

मी हसले. पोट दुखेस्तोवर हसले, मग रडले.

किडन्या बंदच आहेत. किडनी मिळण्यासाठीच्या यादीत नाव आहे, नंबर कधी लागेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. देवी बरं करेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, मलाच ठाऊक नाही. उद्या पुन्हा जायचंय. सुई दुखेल. आणि मी तिच्या भरवशावर गाढ झोपेन.