मचाण पक्कं, झाडाचं सांगता येत नाही

बस्त्यावकाका आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा लगेच बसलेच नाहीत. त्यांनी डायनिंगची खुर्ची उलटी केली, चारही पाय हलवून बघितले, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा दुमडून एका पायाखाली सरकवला आणि खुर्ची सुलट करून माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, ही आता तुम्ही घ्या. मी दुसरी बघतो." नीलिमाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठच दिवसांपूर्वी घेतलेल्या नव्याकोऱ्या खुर्च्या त्या! रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "तुझा फोरमन सभ्य आहे, पण जरा चक्रम आहे का रे?"

चक्रम नव्हते, काळजीखोर होते. बस्त्याव लोपीस, मूळ वसईचे, आमच्या कंपनीत परांच्यांचे फोरमन. इमारतीला प्लास्टर करायचं, रंग द्यायचा, तर बाहेरून लोखंडी पाइपांची परांची बांधावी लागते. वीस वर्षं ते आखातात तेवढंच करत होते. परांची तपासून झाली की शिडीपाशी टॅग लावायचा असतो. हिरवा म्हणजे चढा, लाल म्हणजे खबरदार. हिरव्या टॅगची मुदत सात दिवस, मग पुन्हा तपासणी. काकांचा स्वतःचा आणखी एक नियम होता. हिरव्यावर सही केली की पहिला मजूर चढून कामाला लागेपर्यंत ते बरोबर त्याच्या खाली उभे राहायचे. "ज्याची सही, तो खाली. सिंपल आहे," असं म्हणायचे. शारजातल्या भर उन्हाळ्यात, डोक्यावर ओला रुमाल टाकून उभा असलेला हा किडकिडीत माणूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला साइट इंजिनिअर. स्वभाव मुळात घाबरट. नीलिमा आणि आमची चार वर्षांची सई माझ्याच व्हिसावर होत्या. नोकरी गेली तर तिघांनी महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. त्यामुळे मॅनेजरने नुसतं "जरा आत ये" म्हटलं तरी मी मनात सामानाची यादी करायला लागायचो. दोन घाबरट माणसं एकत्र आली की दोस्ती जमते म्हणतात, तशी आमची जमली. फरक एवढाच, की मी स्वतःसाठी घाबरायचो आणि काका दुसऱ्यांसाठी. तो फरक मला फार उशिरा कळला.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या मालकाचं, म्हणजे अरबाबचं, शारजापलीकडच्या उम्म अल कुवैनच्या आतल्या अंगाला एक मोठं फार्म होतं. भोवती तारेचं कुंपण आणि आत त्याने स्वतः पाळलेली पन्नास-साठ हरणं. अरबाबचे वडील ऐंशीच्या घरातले. तरुणपणी त्यांनी वाळवंटात हरणांची शिकार केलेली, आता गुडघे गेलेले. म्हाताऱ्याच्या मनात एकदा, शेवटचं, बंदूक हातात धरायचं आलं. चालणं शक्य नाही, तर झाडावर मचाण बांधा, खाली हौदावर हरणं पाण्याला येतात, तिथून मारू देत एखादं. फर्मान सुटलं आणि मॅनेजरने ते माझ्या टेबलावर आणून टाकलं. "यू आर इंजिनिअर, लोपीस इज स्कॅफोल्डर. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे येणार. यल्ला, लागा कामाला!"

मी हुरळून गेलो. तीन ड्रॉइंग काढली. आठ फूट बाय पाच फूट, जमिनीपासून बारा फूट उंच, कठड्याची रुंद शिडी, म्हाताऱ्यासाठी हातांची खुर्ची. तीन माणसांचं वजन, बंदुकीचा धक्का, सगळं गणितात धरलं. काकांनी ड्रॉइंग नाकाला लावून वाचलं आणि विचारलं, "छान आहे. झाड कुठेय?"

"हे काय, हा गोल."

"गोल दिसतोय. झाड कुठेय?"

त्यांचे वडील तुंगारेश्वरच्या डोंगरात शिकाऱ्यांना मचाणं बांधून द्यायचे, शिकारबंदीच्या आधीच्या काळात. "बाप मचाण अर्ध्या दिवसात बांधायचा," काका सांगत. "पण झाड निवडायला दोन दिवस लावायचा. शिकारी वैतागायचे. म्हणायचे, हा झाडाशी लग्न लावतोय काय!" इथे निवडायला काही नव्हतंच. हौदाजवळ गाफचं, म्हणजे आपल्याकडच्या शमीचं, एकच मोठं झाड होतं आणि अरबाबने बोट त्याच्याकडेच दाखवलं होतं.

मचाण मात्र काकांनी असं बांधलं की बघत राहावं. जिवंत झाडात खिळा मारायचा नाही म्हणाले. फांद्यांना आधी जुन्या टायरच्या ट्यूब गुंडाळल्या, त्यावर काथ्याचे दोर आणि दोरांत थोडी ढील. "झाड वाऱ्यात हलणार. मचाणाने त्याच्यासंगती हलायचं, भांडायचं नाही." मग दुप्पट वजनाच्या वाळूच्या गोण्या दोन दिवस वर ठेवल्या. एक फळी कुरकुरली नाही. मी म्हटलं, "काका, खलास! लावा हिरवा."

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि साइटवर खुणा करायचा चुना आणून बुंध्याभोवती, हातभर अंतरावर, जमिनीवर बारीक गोल रेघ ओढली. हा बुधवार. गुरुवारी दिवसभर उत्तरेचा वारा सुटला. शुक्रवारी दुपारी आम्ही फार्मवर गेलो तर काका गाडीतून उतरले ते थेट त्या रेघेपाशी उकिडवे बसले. वाऱ्याच्या बाजूला चुन्याची रेघ एके ठिकाणी तुटली होती आणि जमिनीत बोटाचं टोक जाईल एवढी भेग पडली होती.

"मुळं उचलतायत," ते म्हणाले. "हे झाड रानातलं नाही, लावलेलं आहे. बघ ना, नळीने रोज बुंध्यात पाणी. बसल्या जागी पाणी मिळालं तर मूळ खाली कशाला जाईल? वरच्या वर पसरलं असणार."

"काका, वाळू वाळली की तडकतेच. नाहीतर हरणाने पाय दिला असेल."

"असेल. मचाण पक्कं आहे, लिहून देतो. झाडाचं सांगता येत नाही." आणि त्यांनी शिडीला लाल टॅग लावला.

चारच्या सुमारास गाड्या आल्या. अरबाब, त्याचे चार पाहुणे आणि मागच्या सीटवर, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बंदुकीवर हात ठेवून बसलेले वडील. लहान मुलासारखे खुशीत होते. अरबाबने लाल टॅग पाहिला आणि मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने मला बाजूला ओढलं. आवाज अगदी हळू होता, म्हणूनच जास्त भीती वाटली. "तूही सही करू शकतोस. कर. नाहीतर उद्या तुम्ही दोघंही माझ्याकडे येऊ नका."

काय सांगू! माझ्या डोळ्यांसमोर झाड आलं नाही, म्हातारा आला नाही. सईची नवीन शाळेची बॅग आली. मी हिरवा टॅग काढला, सही केली, शिडीला लावला.  काकांनी आपला लाल टॅग काढून खिशात ठेवला. रागावले नाहीत. "तुझ्या पोरीचा विचार केलास. मी समजतो," एवढंच म्हणाले.

दोघांनी धरून म्हाताऱ्याला वर चढवलं. अरबाब शेजारी बसला. वारा पुन्हा उठला होता. आणि काका त्या भेगेपाशी मांडी घालून बसले, उजव्या हाताची दोन बोटं भेगेत घालून. उघडायला लागली तर बोटांना आधी कळेल, ओरडायला निदान चार सेकंद मिळतील, हा त्यांचा हिशेब. पाहुणे हसले. वरून अरबाब म्हणाला, "लोपीस झाड की नब्ज देख रहा है!" सही माझी होती आणि मी पन्नास पावलांवर, गाड्यांच्या आडोशाला उभा होतो.

दीड तास. पान हललं की मला वाटायचं, गेलं. मी मनात रामरक्षा सुरू करायचो आणि दुसऱ्याच ओळीला अडकायचो. शेवटी हरणं आली. बार झाला तेव्हा मी डोळे गच्च मिटले. उघडले तर झाड जागच्या जागी, हरणं पळून गेलेली, नेम चुकलेला, आणि म्हातारा वर बसून खदाखदा हसत होता. काही झालं नाही. काकांनी बोटं बाहेर काढली तेव्हा ती सरळ होत नव्हती.

पंधरा दिवसांत बस्त्यावकाकांचा व्हिसा कॅन्सल झाला. कारण लिहिलं होतं वय. पाहुण्यांसमोर लाल टॅग लावणाऱ्याचं असल्या ठिकाणी वय फार लवकर होतं. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "एनी कमेंट्स?" मी मान खाली घालून डायरीत काहीतरी लिहीत राहिलो. लाज वाटते सांगायला, पण हे खरं आहे.

विमानतळावर मीच त्यांना सोडलं. वाटेत धीर करून म्हटलं, "काका, पण काही झालं नाही ना."

"त्या दिवशी नाही झालं," ते म्हणाले. "मचाण अजून वरच आहे ना? कोणी पण चढेल. माळी चढेल, पाहुण्याची पोरं चढतील. टॅग सात दिवसांचा असतो, इंजिनिअर. सही तुझी आहे." मग माझ्या पाठीवर थोपटून आत गेले.

त्यानंतर मी दर शुक्रवारी उम्म अल कुवैनला जायला लागलो. चुन्याची आधीची रेघ बघायची, नवी ओढायची, नवा टॅग लावायचा, परत यायचं. माळ्याला वाटायचं, कंपनीचं काम असेल. नीलिमा आधी चिडली, मग डबा द्यायला लागली. सई मोठी होत गेली तशी पाय आपटायची, "बाबा, नॉट अगेन! एव्हरी फ्रायडे!" एखाद्या आठवड्यात भेग दिसायची, एखाद्या आठवड्यात नाही. वारा सुटला की ऑफिसात बसून माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. मचाण उतरवू का, हे अरबाबला विचारायला मला चार वर्षं लागली. चार वर्षं! विचारलं तेव्हा त्याने फोनवरून मान वर केली आणि म्हणाला, "कौनसा मचान?" वडील केव्हाच, घरी अंथरुणात, शांतपणे गेले होते. त्या संध्याकाळनंतर मचाणावर कोणी चढलंच नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी एकट्याने ते उतरवलं. काकांच्या गाठी सोडवताना नखं तुटली. दोर कापवेना. दुपारी घरी येऊन वसईला फोन लावला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "ते बिछान्यात आहेत, बोलवत नाही फार. पण थांबा, कानाला लावते."

"काका, मचाण उतरवलं."

 त्यांनी धापा टाकत विचारलं, "झाड?"

"उभं आहे. गेली चार वर्षं."

 त्या झाडापायी या माणसाची नोकरी गेली होती, आणि ते झाड ढिम्म उभं होतं, हे मी त्याला सांगत होतो. 

"म्हणजे मी चुकलो," काका म्हणाले. आणि हसले, अगदी मोकळे, खोकला येईपर्यंत. "अरे देवा, तुझे उपकार! रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत दुसरं काय मागत होतो मी?"