पाठीकडून मोजलेले तीन पाय

माझ्या मामाला सगळे ‘उलटे मास्तर’ म्हणायचे. टीव्ही असो, रेडिओ असो, दुरुस्तीला आलेली वस्तू तो आधी पालथी घालणार, मागचं झाकण काढणार आणि मगच काय बिघडलंय म्हणून विचारणार. चाळीस वर्षं त्याने यंत्रांची पाठच वाचली. पुढे पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मामी म्हणायची, “माझं तरी तोंड नीट पाहिलंय का, विचारा यांना.”

ती असं काही बोलली त्याला आता दोन वर्षं झाली. नसांच्या आजाराने आधी तिची वाचा नेली, मग पाय, मग हात. उरला फक्त डावा अंगठा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तोही महिनाभराचाच सोबती. मी ते मामाच्या कानावर घातलं. त्याने मान हलवली आणि हातातला टॉवेल पुन्हा एकदा पिळला.

त्या आधीच्याच आठवड्यात तो पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेला आणि इकडे मामीच्या घशात लाळ अडकली. तो परत आला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून त्याने तिची खोली सोडली नाही. अंघोळसुद्धा दुपारी मी आल्यावरच. मामीला हा पहारा सोसेना. तिच्यासाठी आम्ही अक्षरांचा तक्ता केला होता. मी त्याच्यावरून बोट फिरवायचे आणि हव्या त्या अक्षराला ती डोळे मिटायची. एका दुपारी, तब्बल पाऊण तास घालवून, तिने तीन शब्द जुळवले : मला हाक मारायचीय.

मी बाजारातून बेल आणली. तिचं बटण मामीच्या अंगठ्याला जुमानेना. जुन्या टीव्हीच्या रिमोटचं रबरी बटण मात्र दबलं, आणि मामाचे डोळे चमकले. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. तो पकडणारा सेन्सर पलंगासमोर भिंतीवर लावायचा, तिथून वायर न्यायची आणि स्वयंपाकघरात भोंगा बसवायचा. झाली हाक.

“दोन-चार सेन्सर मागवून ठेव,” मी म्हटलं.

“मी काय शिकाऊ आहे का? एक पुरे.”

सेन्सर हरभऱ्याएवढा निघाला. काळा, पुढे फुगीर, खाली तीन पाय. सोबत एक चिठोरं होतं, त्यावर चित्र. “डावा सिग्नलचा, मधला ग्राउंड, उजव्याला वीज,” मामा पुटपुटला. सवयीप्रमाणे त्याने सेन्सर पालथा केला आणि पाठीकडून पाय मोजले. चिठोरं माझ्या हातात होतं. चित्रात फुगीर तोंड समोर होतं, म्हणजे पाय तोंडाकडून मोजायचे. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण उलट्या मास्तरांना शहाणपण शिकवणारी मी कोण? मी गिळून टाकले.

त्याने सगळं जोडलं आणि रिमोट मामीच्या मुठीत दिला. तिने अंगठा दाबला. भोंगा जेमतेम टिचकन वाजला आणि गप्प झाला. सेन्सरला बोट लावलं तर चटका.

“माल भंगार आहे,” मामा म्हणाला.

दुसरा यायला पाच दिवस लागले. पुन्हा तसंच, पुन्हा चटका. मामाने दुकानदाराचा फोनवरून उद्धार केला. तिसऱ्याला सहा दिवस. दरम्यान अंगठा मंदावत चालला होता. मी रोज बघत होते आणि रोज स्वतःला समजावत होते की त्याला कळत असेल, इतकी वर्षं त्याने हेच तर केलंय. खरं सांगायचं तर मी भित्री आहे, आणि त्या भित्रेपणाला मी आदर असं गोंडस नाव दिलं होतं.

तिसऱ्या खेपेला मामी बटण दाबेचना. मामा “दाब, दाब” करत राहिला. शेवटी मी तक्ता आणला. तिने एकेक अक्षर वेचलं : माझं चुकतं का?

आधी दोन्ही वेळा तिने दाबलं होतं आणि दोन्ही वेळा सेन्सर गेला होता. बिचारीने ते स्वतःच्या अंगठ्यावर घेतलं होतं.

“मामा,” मी म्हटलं, “पाय तोंडाकडून मोजायचे. तू पाठीकडून मोजतोयस.”

त्याने चिठोरं घेतलं, चष्मा वर सरकवला, सेन्सर फिरवून बघितला, परत फिरवला.

“तुला कधी कळलं?”

“पहिल्या दिवशी.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “मग बोलायचं ना गं.”

उलटा जोडलेला तिसराही तोवर जळला होता. चौथा सेन्सर आणखी पाच दिवसांनी आला. मामाने तो तोंड समोर धरून, लहान मुलासारखे मोठ्याने पाय मोजले. जोडणी झाल्यावर मी रिमोट दाबून पाहिला. स्वयंपाकघरात भोंगा खणखणीत वाजला. सोडला की थांबे, दाबला की वाजे. इतकं सोपं होतं ते.

मामाने रिमोट मामीच्या हातात दिला. अंगठा बटणावर नीट टेकवला. आम्ही वाट पाहिली. मामीची नजर अंगठ्यावर खिळली होती. कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली. अंगठा हलला नाही.

“आज दमलीस. उद्या बघू,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. वाया गेलेले सोळा दिवस मी मनात मोजत होते. त्यांचा हिशेब मला कुणी विचारला नाही, आणि कुणी विचारणारही नाही.

चौथ्या दुपारी मी आले तेव्हा मामा तिच्या उशाशी बसला होता. रिमोट मामीच्या मुठीत होता. त्याने तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि हळूच दाबला. स्वयंपाकघरात भोंगा वाजला.

“आलो, आलो,” तो जागचा न हलता म्हणाला.