साहेबराव मिस्त्री आणि डिकीजवळचा पोचा

साहेबराव मिस्त्री गाडीला पडलेला पोचा आधी चाटून पाहत.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, उन्हानं माणसाचं डोकं फिरलं असावं. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडुनिंबाखाली त्यांचं पत्र्याचं शेड होतं. खाकी पँट, वर बनियन आणि डोक्याला गुंडाळलेला पंचा अशा अवतारातला हा साठीचा माणूस आमच्या गाडीमागे गुडघे टेकून बसला. डाव्या मडगार्डवर, डिकीला लागून, परातीएवढा पोचा पडला होता. त्यांनी त्यावरची धूळ फुंकली, सरळ जीभ फिरवली आणि डोळे मिटून चव घोळवत राहिले. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन पावलं मागे सरकले.

"चुना हाय," साहेबराव म्हणाले. "नीळ टाकलेला. घरगुती."

"ट्रॉली लागली आहे," अण्णा म्हणाले.

"ट्रॉलीला कोन चुना लावतं, साहेब?"

अण्णा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. निजामाच्या अमलात उर्दूत कारकुनी सुरू केलेली, पोलीस अॅक्शननंतर तीच मराठीत चालू ठेवलेली. त्यांची आयुष्यात कुणी उलटतपासणी घेतलेली नव्हती. त्यांनी खिशातून दोन पानी कागद काढला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. तो पंचनामा होता. 'सदरहू वाहन दाराशी उभे असता मजकूर इसमाचे ट्रॉलीने बेदरकारपणे धडक देऊन नुकसान केले,' असं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक आईची, जी तिनं भाजी फोडणीला टाकताना न वाचता केली होती. दुसरी माझी.

मजकूर इसम म्हणजे शेजारचे देशमुखकाका, बळवंतराव. त्यांची गंगापूरकडे ऊस-कापसाची शेती, आणि शेतावरून अधूनमधून ट्रॅक्टरची लाल ट्रॉली दारात येऊन उभी राहायची. काका आणि अण्णा वीस वर्षं रोज सकाळी एका बाकावर चहा घेत. बोलायचे फार नाहीत. काका बशीत चहा ओतायचे, अण्णा त्यांना त्यावरून टोकायचे, झाली सकाळ. पंचनामा झाल्या दिवसापासून तो बाक मोकळा पडला. काका एवढंच म्हणाले होते, "माझी ट्रॉली लागली असती तर ही गाडी गाडी म्हणून राहिली असती का?" अण्णांनी मधल्या कुंपणाचं फाटक तारेनं बांधून टाकलं.

साहेबरावांनी पंचनामा उलटसुलट पाहिला, घडी घातली आणि त्यावर रंगाचा डबा ठेवला. "पोचा कसा आला ते खरं सांगा, मग काढतो. ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं भाईर येतो. उगाच भलतीकडून ठोकलं की पत्रा सुरकुततो. मग मी बी नाय अन् माझा उस्ताद बी नाय काही करू शकत."

आम्ही पोच्यासकट घरी परतलो. वाटेत अण्णा एवढंच बोलले, "माणूस वेडा आहे."

वेडा होताच. कन्नड तालुक्यातलं शेत भावांवर सोपवून हा माणूस तरुणपणी शहरात आला, एका मुसलमान उस्तादाकडे पत्र्याचं काम शिकला आणि उस्तादाची भाषाही उचलून बसला. रागावला की दख्खनी उर्दूत बोले, लाडात आला की गावाकडच्या मराठीत. शेडमध्ये पोच्याच्या समोर एक स्टूल मांडलेलं असे. गाडीमालकानं त्यावर बसायचं आणि कोण, कधी, कुठं ते सांगायचं. त्याशिवाय हातोडी उचलली जात नसे. शहरात दुसरे डेंटर नव्हते असं नाही. पण साहेबरावांनी काढलेल्या पोच्यावरून हात फिरवला तर जागा सापडत नसे, म्हणून लोक मुकाट्यानं स्टुलावर बसत.

एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, म्हशीनं शिंग मारलं. "म्हस आणा," साहेबराव म्हणाले. डॉक्टरही इरेला पेटले आणि खरंच एक म्हैस घेऊन आले. साहेबरावांनी तिला पाणी पाजलं, गाडीशेजारी उभं केलं आणि सुतळीनं शिंगाची उंची मोजली. मग म्हशीच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "मियाँ, इस बिचारी का नाम नक्को लो. हिचं शिंग पोच्याच्या हातभर वर राहतंय." डॉक्टर म्हशीकडे बघत राहिले आणि शेवटी दवाखान्याच्या फाटकाचं नाव घेतलं. म्हैस कुणाची होती ते मात्र त्यांना आठवेना, आणि ती दोन दिवस शेडमागे बांधून होती.

महिन्याभरानं मी एकटाच साहेबरावांकडे गेलो. म्हटलं, "मिस्त्री, म्हातारे आहेत, ऐकणार नाहीत. चव चुन्याची आली, ठीक आहे. काढून टाका ना पोचा."

साहेबराव हसले. "चव? साहेब, चाळीस वरसं रंगाच्या वासात बसलोय. मला भाजीतलं मीठ बी कळत नाय. चुन्याचा निळसर डाग डोळ्यानंच दिसला."

"मग चाटता कशाला?"

"मी चाटाया लागलो की मालक माझ्या जिभेकडं बघतो, अन् मी त्याच्या तोंडाकडं. खोटं बोलणाऱ्याचा घसा आधी हलतो. आता तुमच्या अण्णांचं तोंड कोर्टाच्या भिंतीवानी. त्यावर काय दिसंना. मी तुमच्याकडं बघितलं."

मला बसायला स्टूलच जवळ होतं. मी बसलो.

खरं सांगायचं तर मी पाहिलं होतं. सकाळी तोंडात ब्रश धरून मी अंगणात उभा होतो. अण्णांनी गाडी मागे घेतली, मागे न बघता, नेहमीसारखी. ती आमच्याच हौदावर जाऊन बसली. दिवाळीत नीळ घालून चुना दिलेल्या हौदावर. अण्णा उतरले, पोचा पाहिला, गाडी पुन्हा दाराशी नेऊन लावली आणि आत गेले. थोड्या वेळानं काकांची ट्रॉली गल्लीतून गेली. अण्णा बाहेर आले, मोठ्यानं म्हणाले, "ट्रॉलीच लागली ना रे?" मी तिशीतला, बँकेत नोकरीला असलेला माणूस. मी म्हणालो, "लागली असेल." आणि पंच म्हणून सही केली. बापाला खोटं कसं म्हणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. काकांचा विचारही माझ्या मनात आला नाही, याची मला अजून लाज वाटते.

साहेबरावांनी ऐकून घेतलं. उपदेश केला नाही. "आता पोचा निघंल," म्हणाले. "पर तो इथं नाय निघायचा."

पंचनाम्याला आठ महिने झाले. काकू वारल्यापासून काका एकटेच होते. मुलगा शेतावर बोलावत होता. एक दिवस आईनं बातमी आणली, गुरुवारी काका घर भाड्यानं देऊन कायमचे गंगापूरला चाललेत. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पण फाटकाची तारही सोडली नाही. मी जाऊन साहेबरावांना सांगितलं. त्यांनी फक्त वार विचारून घेतला.

गुरुवारी सकाळी काकांच्या दारात ट्रक भरला जात होता. तेवढ्यात साहेबराव सायकलवरून आले. हँडलला अवजारांची पिशवी. कुणाला न विचारता त्यांनी माझ्याकडून किल्ली घेतली, गाडी काढली आणि बरोबर ट्रकपुढे आडवी उभी केली. डिकी उघडली.

"शिरस्तेदारसाहेब, आत बसा."

"कुठे?"

"डिकीत. आतून लोखंडाचा ठोकळा लावून धरायला माणूस लागतो. माझा हात दुखतोय."

अण्णा का बसले हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित दारातून निघू पाहणारा ट्रक थांबवायचा दुसरा उपाय त्यांना सुचत नसावा. पांढरंशुभ्र धोतर सावरत, सत्तरीला टेकलेले निवृत्त शिरस्तेदार डिकीत शिरले आणि स्टेपनीवर बसले. बाहेर फक्त त्यांची चप्पल दिसत होती.

साहेबरावांनी बाहेरून पहिला ठोका घातला. आवाजानं गल्ली गोळा झाली. काका तरातरा आले. "काय चाललंय हे? गाडी काढा आधी!"

साहेबरावांनी हातोडी त्यांच्या हातात ठेवली. "काढतो. पर पोचा निघाल्याबिगर नाय. तुमच्या ट्रॉलीनं पडलाय म्हनं, तर तुमीच काढा. मारा. हळू."

काकांना राग इतका आला होता की त्यांनी खरंच हाणली.

"अहो, थोडं वर!" डिकीतून आवाज आला.

आठ महिन्यांतलं ते पहिलं वाक्य. काका थबकले. वाकून त्यांनी डिकीत पाहिलं, बराच वेळ. मग थोडं वर मारलं.

"डावीकडं धरा," काका म्हणाले.

"धरलंय. तुम्ही नीट मारा."

असं पाव तास चाललं. वर, खाली, डावीकडं, अहो बोटं आहेत माझी. पत्रा बाहेर येत होता, वाकडातिकडा का होईना. ट्रकवाला कपाळाला हात लावून बसला होता. मग डिकीतून अण्णा म्हणाले, "बळवंतराव, ट्रॉली नव्हती. हौद होता. मीच ठोकली."

"मला ठाऊक हाय," काका म्हणाले. "मी खिडकीत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगताय का बगत व्हतो. वीस वरसांत तुमचा एक शब्द मला खोटा लागला नव्हता."

काकांनी हात देऊन अण्णांना बाहेर ओढलं. अण्णांचं धोतर काळं झालं होतं. ते काकांचा हात सोडत नव्हते. गल्लीतले लोक हसायला लागले, आईनं पदरानं डोळे पुसले, आणि मला वाटलं, सुटलो.

साहेबरावांनी काकांकडून हातोडी काढून घेतली आणि ती धरून माझ्याकडे बघत उभे राहिले.

"काका," मी म्हणालो, "मी पाहिलं होतं. तरी सही केली."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्हय रे मधू. ब्रश तोंडात धरून हौदापाशी उभा होतास. तुझा बाप लटकं बोलला, त्याचं मला काय नाय वाटलं. कोर्टात आयुष्य गेलं त्याचं, हार मानता येत नाय त्याला. पर त्यानं तुला इचारलं तवा मी खिडकीत कान लावून होतो. म्हटलं, पोरगं तरी सांगंल."

मग ते ट्रकमध्ये चढले. साहेबरावांनी गाडी बाजूला घेतली आणि ट्रक गल्लीबाहेर गेला.

मी पोच्यावरून हात फिरवला. पुरीएवढा खळगा अजून होता. म्हटलं, "मिस्त्री, एवढं राहिलंय. वरून लांबी, पुट्टी भरून सारखं करून टाका."

साहेबराव अवजारं पिशवीत भरत होते. "लांबीनं नुस्तं झाकलं जातं, साहेब," ते म्हणाले. "अन् हे माझं काम नाय. गंगापूरची एस्टी दर तासाला हाय."