क्रिप्टॉन नांदत नाय

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला खरी भीती होती ती तोंडी परीक्षेची. लिहायला सांगितलं तर पानं भरायची, पण कोणी समोर बसून इंग्रजीत विचारलं की दातखीळ बसायची. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. वडिलांनी आधीच सांगितलं होतं, "नापास झालीस तर परत महाडला शिकायला ठेवणं जमायचं नाय."

परीक्षक बाहेरगावचे. त्यांनी इंग्रजीत विचारलं, क्रिप्टॉनचं फ्लुओरीनशी संयुग होतं का? मला येत होतं. क्रिप्टॉनसारखे राजवायू कोणाशी जुळत नाहीत असं शाळेत शिकलेली मी, कॉलेजात क्रिप्टॉन डायफ्लुओराइड वाचून चकित झाले होते. पण 'अनस्टेबल' हा शब्द काही केल्या आठवेना. ते दुसऱ्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "होतं सर, पण नांदत नाय."

परीक्षकांच्या शेजारी बसलेल्या आमच्या कॉलेजच्या सरांनी मान खाली घातली.

"काय नाय?" परीक्षक म्हणाले.

शब्द आईचा होता. दुसऱ्या वाडीतून आणलेली कोंबडी सोडली की उताराने परत जुन्या घरी जायची. आई म्हणायची, "ही आपल्याकडं नांदायची नाय गो."

"नांदत नाही, सर. टिकत नाही."

"मग नांदवायचं कसं?" आता ते मराठीत विचारत होते.

"थंडीत ठेवायचं. बर्फापेक्षाही खूप थंड. खोलीतल्या उबेनंसुद्धा ते हळूहळू सुटं होतं. क्रिप्टॉन एकटा राहतो, फ्लुओरीनचे अणू आपापसात जोडी करतात."

"म्हणजे माहेरी कोण जातं?"

"ते पुस्तकात नाय, सर."

ते हसले. पुढचे प्रश्नही त्यांनी मराठीतच विचारले, आणि मी चक्क बोलत राहिले.

बाहेर आमचे सर भेटले. "मार्क मी सांगायचे नसतात," ते म्हणाले. "पण गाडीत बसून रडू नकोस."

घरी जाताना पोलादपूरच्या गाडीत मला खिडकी मिळाली. कितीतरी दिवसांनी पुस्तक न उघडता मी बाहेर बघत बसले.

"काय इचारलं गो?" आईनं दारातच विचारलं.

"तुझी कोंबडी."

वडील ओटीवरून म्हणाले, "मंग आली का सांगता?"

"आली."