छातीवर हात ठेवून चालणारे शेजारी

ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत संशय घ्यावा अशी माणसं पुष्कळ होती, पण माझ्या शेजारच्या डीकनइतकं सज्जन दिसणारं, आणि म्हणूनच संशयास्पद, माणूस दुसरं नव्हतं. आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरावर नोकरीला असताना तिथल्या बिशपनी त्यांना डीकन, म्हणजे फादरचा मदतनीस, केलं होतं. फादर म्हणावं तर घरात बायको. संसारी म्हणावं तर चर्चमध्ये झगा घालून वेदीपाशी उभे, आणि त्यावर डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे उतरलेला पट्टा, थेट आमच्या जानव्यासारखा. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "भाऊ, फादर यजमान, मी वाढपी." मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं.

मी बंदरावरच्या कस्टम कचेरीत कारकून. किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरायचे दिवस होते, त्यामुळे नारळाची जड पिशवी नेणारा माणूसही मला सरळ दिसत नसे. डीकन तर संशयाला आमंत्रणच. त्यांची बायको अर्धांगवायूने तीन वर्षं खाटेवर होती. मुलगा आखातात गेला तो पत्रापुरताही उरला नव्हता. असा माणूस सकाळी बायकोची वेणी घालताना गातो कसा? वेणी रोज वाकडी व्हायची आणि गाणंही. बांगडा तळताना तो करपवायचे आणि शिळोप्याच्या गप्पा मारायला आमच्या कुंपणाशी यायचे. एरवी एवढे बोलके. पण रविवारी चर्चमधून बाहेर पडले, की उजवा हात छातीवर दाबून, खाली मान घालून चालायचे. समोरून मी हाक मारली तरी ओ नाही. कुठे गेला होतात, हे सोमवारी विचारलं, की "एका घरी." कोणाच्या, ते सांगायचं नाही. एकदा वाऱ्याने सदरा फडफडला आणि गळ्यातल्या पिशवीतून सोनेरी डबीची कड चमकली.

मी कचेरीतल्या साहेबांना कळवलं. ते कळवणारा मीच होतो, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पुढच्या रविवारी मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर त्यांना अडवलं. मी पानाच्या गादीआड उभा. ते बोलेनात, म्हणून साहेबांची खात्री पटली. शेवटी साहेबांनीच डबी काढून तळहातावर उपडी केली. कागदासारख्या पातळ पाच पांढऱ्या चकत्या. दोन खाली पडल्या. डीकन रस्त्यावर गुडघे टेकून बसले, खालच्या दोन आणि साहेबांच्या हातावरच्या तीन, पाचही उचलून तिथेच खाल्ल्या आणि धुळीवर राहिलेला कणही बोटाने टिपून जिभेवर ठेवला. कोळणी हसल्या. मीही हसलो, कारण सगळे हसत होते. तो पवित्र प्रसाद होता, चर्चला येऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांसाठी; असा विटाळलेला तो कुणाला देता येत नाही, टाकताही येत नाही; आणि तो जवळ असताना ते कुणाशी बोलत नसत, एवढंच. तो फादरच्याच हातून व्हावा लागतो, आणि फादर दुसऱ्या गावी निघून गेले होते, त्यामुळे त्या दिवशी पुन्हा मिळणार नव्हता. डीकन तरीही चारही घरी रिकाम्या हाताने जाऊन बसून आले. पाचवं घर त्यांचं स्वतःचं. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ होती, मला ऐकू आलं; बायकोने अडखळत विचारलं, "आज नाय?" ते म्हणाले, "आज मी आलोय ना."

गुरुवारी ती गेली.

त्यानंतरच्या रविवारी ते पुन्हा छातीवर हात ठेवून निघाले. संध्याकाळी मी विचारलं, हे जमतं कसं? म्हणाले, "घरात बसलो की खाट दिसते, भाऊ. त्या चार घरी कोण तरी वाट बघतं." मग म्हणाले, "तुमच्या कचेरीला कोणी सांगितलं, ते कळलं तर मला सांगा. भांडायचं नाय. आजारी पडला तर त्याच्याकडे जायला घर ठाऊक हवं." मी चौकशी करतो म्हणालो. गावात मात्र अजूनही म्हणतात, उगाच कोण अडवतंय, काहीतरी असणारच. काहीही नव्हतं.

पुढल्या वर्षी मी विषमज्वराने पडलो. ते रोज संध्याकाळी येऊन खाटेशी बसत, वाकड्या सुरात गात, आणि करपलेली पेज भरवत. सांगून टाकावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी चमचा पुढे केला.