दाजींचं राहिलेलं पुस्तक

म्हैसूर संस्थानात ज्याची कुंडली आमच्या दाजींना पाठ नाही असा माणूस एक तर अजून जन्माला यायचा होता, नाही तर तो मंडी मोहल्ल्यातून कधी गेलाच नव्हता. कुणाचे आजोबा घोड्यावरून पडले आणि घोड्याने लाथ मारली म्हणून सांगत राहिले, कुठल्या अमलदाराने भर मांडवात सासऱ्याशी भांडण काढलं, कुठल्या सावकाराला वैद्याने वांगं वर्ज्य केलं होतं आणि ते तो कुणाच्या घरी जाऊन खायचा, सगळं दाजींना ठाऊक. फक्त एका माणसाबद्दल त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं, आणि ते माणूस तेरा वर्षं त्यांच्याच घरात राहिलं होतं. ती माझी थोरली बहीण, अक्का. दाजी तिचे यजमान. मी शिंपी, बापजाद्यांपासून इथलाच. तेव्हा कुठे वाढवून सांगितलं असेल तर ते शिवणीत दाबायला ठेवतात तेवढंच समजा.

दाजी मूळचे पत्रकार. एका कन्नड साप्ताहिकात होते. लिहायचे कन्नडात, भांडायचे मराठीत, आणि समोर गोरा साहेब दिसला की इंग्रजीत खोकायचे. संपादकांनी त्यांच्याकडे मृत्युलेख दिले आणि गावाचं नशीब फिरलं. दाजी असे काही लिहायचे की लोक बाकीचा अंक बाजूला ठेवून आधी कोण गेलं ते बघायचे. रेशमाचे एक बडे व्यापारी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी निरोप धाडला, "स्वामी, माझ्यावर काय लिहिणार ते आधी वाचायला मिळेल का? नंतर जमेलसं वाटत नाही." दाजींनी जाऊन वाचून दाखवलं. ऐकता ऐकता व्यापारी उठून बसले, कॉफी मागवली, दोन दुरुस्त्या सुचवल्या आणि पुढे नऊ वर्षं ठणठणीत जगले. त्या लेखाचं त्यांनी पुस्तकच करायला लावलं. दाजी चरित्रकार झाले ते असे, एका माणसाने मरायचं रहित केलं म्हणून.

पुस्तकं कशी खपली विचारू नका. बंगळुरापर्यंत गेली, आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. त्यात दाजींची एक युक्ती होती. पुस्तकाच्या शेवटी, ज्यांनी ज्यांनी माहिती पुरवली त्या सगळ्यांची नावं ते छापायचे. नुसता पत्ता दाखवला त्याचंही नाव, पाणी दिलं त्याचंही. ज्यांचं नाव आलं ते दोन-दोन प्रती घ्यायचे, एक घरी आणि एक व्याह्यांना दाखवायला. ज्यांचं आलं नाही ते एक घ्यायचे, खरंच नाही ना याची खात्री करायला. पण नुसत्या युक्तीवर पुस्तक चालत नाही हो. दाजी माणूस असा उभा करायचे की त्याच्या बायकोलाही नवल वाटावं.

आणि त्यासाठी ते त्या माणसाला फारसं विचारतच नसत. न्हाव्याला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे, आणि मग माझ्या दुकानात येऊन मापांची वही उघडायचे. "मेव्हणे, माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो. कंबर बोलत नाही." एक निवृत्त अमलदार सगळ्यांना सांगत, मी बारा वर्षं एकभुक्त राहिलो, देवीचं व्रत. दाजींनी वही पाहिली. बारा वर्षांत अमलदारांच्या कमरेला सहा इंच चढले होते. पुस्तकात दाजींनी लिहिलं, "हे व्रत अमलदारसाहेबांच्या प्रकृतीला फार मानवलं." अमलदारांना ते इतकं आवडलं की त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर प्रती वाटल्या. माझ्या वडिलांनी सुरू केलेली ती वही दाजी पोथीसारखी वाचायचे. मी ओरडायचो, "अहो, गिऱ्हाईक उघडं उभं आहे, माप लिहायचंय!" तर म्हणायचे, "लिहा की, मी वाचतो पुढे."

टिपणं ठेवायची जागा म्हणजे डोक्यावरचा म्हैसुरी पेटा. घडी-घडीत कागदाचे कपटे. एकदा चामुंडीच्या डोंगरावर देवीला साष्टांग घातला आणि पेट्यातलं अर्धं गाव गाभाऱ्यासमोर पसरलं. पुजाऱ्याने एक कपटा उचलला, त्यावर लिहिलेलं होतं, "पुजारी. आरती म्हणताना मध्येच झोपतात. तपासणे." पुजाऱ्याने पुढे वर्षभर दाजींना तीर्थ देताना हात आखडता घेतला.

हसू येतं खरं. पण लोक दाजींना भ्यायला लागले होते. पत्रकार होते तेव्हा ओट्या-ओट्यावर त्यांना बसवून घ्यायचे. चरित्रकार झाले तसं ते आले की बोलणं थांबायचं. कुणाला त्यांनी आपल्यावर लिहावं असं वाटे, कुणाला लिहू नये असं वाटे. नुसतं बसावं, दोन गप्पा माराव्यात, असं कुणालाच वाटेना. जेवायला बोलावलं तरी यजमान पाठ केल्यासारखं आपल्या पणजोबांचं शौर्य सांगत बसायचा आणि दाजी मुकाट्याने गार झालेला सारभात खायचे. घरी कोण होतं? अक्का गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. सकाळी भाताचं पातेलं चढवायचे आणि तेच तिन्ही वेळा उघडायचे. भिंतीला लागून दुसऱ्यांच्या आयुष्यांची बाडं रचलेली, त्यांच्यामध्ये निजण्यापुरती चटई.

अक्का गेली ती दसऱ्याला. चार दिवस ताप होता. महाराजांच्या स्वारीचं वर्णन लिहायचं काम दाजींकडे. "संध्याकाळी येतो" म्हणून सकाळी गेले. राजवाड्यापासून बन्निमंटपापर्यंत स्वारीबरोबर चालले, हत्ती मोजले, झुली पाहिल्या, मजकूर छापखान्यात देऊन घरी आले तेव्हा दारात माणसं जमली होती. दोन कॉलम आलं ते वर्णन. लोकांनी वाखाणलं. मी ते आजतागायत वाचलेलं नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, एका गुरुवारी दुपारी, दाजी दुकानात आले आणि बाकावर बसून म्हणाले, "मेव्हणे, आता अक्काचं लिहावं म्हणतो. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी सांगू? तेरा वर्षं तुमच्या घरात होती ती!"

"मी घरी कुठे होतो?" ते म्हणाले.

"मग हत्तींना विचारा."

बोललो खरा. दाजींनी पेटा नीट केला आणि गेले. पण पत्रकाराची जात, पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर. वर्षानुवर्षं दर गुरुवारी यायचे आणि एकदा विचारायचेच. मी कन्नडात आणि मराठीत म्हणायचो, "साकु, दाजी, पुरे." मशीन जोरात चालवायचो. सांगायचं नाही म्हणजे नाही. माझी बहीण होती, मला माहीत होती. ज्याने तिच्याकडे बघितलं नाही त्याला फुकट का द्यायची? एकदा त्यांनी वडिलांच्या वेळची पानं पुन्हा उलटली. अख्ख्या घराण्याच्या कमरा निघाल्या, अक्काची एक ओळ नाही. बायकांची चोळी घरात बायकाच शिवायच्या, तिचं माप वहीत येणार कुठून? जुन्या शेजारणींना शोधत ते गावभर हिंडले. बहुतेक जणी गेल्या होत्या. उरलेल्या म्हणाल्या, कमी बोलायची. एवढ्या भटकंतीतून एक कपटा तयार झाला, तो त्यांनी मला वाचून दाखवला, "उंची, माहीत नाही. कमी बोलत. फणसाचा वास सोसत नसे, यास पुरावा नाही." मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

मग एका गुरुवारी ते आले, तासभर बसले, पाणी प्याले आणि न विचारता उठून गेले. पुढच्या गुरुवारीही तेच. थकले होते. मला वाटलं होतं, सुटलो. कसलं सुटतोय! दोन आठवडे माझ्या कॉलरी वाकड्या बसल्या. तिसऱ्या गुरुवारी ते टेकले न टेकले तोच मी मशीन थांबवलं आणि म्हणालो, "काढा पेन्सिल. घ्या लिहून."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं. मी सुरू केलं. अक्का मला अंगरखा घालायची, बंद बांधताना गाठ मारायची नि ती सुटायची नाही. गुळाचा खडा वाटून घेताना मोठा तुकडा स्वतःला ठेवायची. आणि शीळ घालायची. परसात भांडी घासताना अशी शीळ घालायची की आजी लाटणं घेऊन धावायची, "मुलीच्या जातीने शीळ घालायची नसते!" आणि... आणि मी थांबलो. पुढे काहीच नव्हतं हो. एक काज करायला लागतो तेवढ्या वेळात माझी अक्का संपली. तिचं लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची, मी पाच. नंतर सणाला यायची तेव्हा ती आत चुलीपाशी, मी बाहेर मशीनपाशी. "काय रे, बरा आहेस?" "बरा आहे." झालं. इतकी वर्षं मी कुलूप लावून बसलो होतो त्या पेटीत हे एवढंच होतं.

दाजींनी काही लिहिलं नव्हतं. "शीळ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्या घरात कधी नाही घातली," ते म्हणाले. "मेव्हणे, तेरा वर्षांत एकदासुद्धा नाही."

मी सांगायला हवं होतं की तुम्ही घरी नसताना घालत असेल. सुचलं नाही वेळेवर.

पुस्तक काही झालं नाही. पण दाजी येत राहिले, आणि मी गुरुवारी दुपारी मशीनवर कापड चढवेनासा झालो. आम्ही दोघं बसून अक्काबद्दल बोलायचो. माहिती दोघांनाही नव्हती, त्यामुळे भांडण व्हायचं नाही. तिला कॉफी आवडली असती का? म्हातारपणी ती कुणाला जास्त बोलली असती, तुम्हाला का मला? दाजी म्हणायचे मला, मी म्हणायचो मला, आणि दोघांनाही ती बोलणी खायची फार इच्छा होती. गेल्या पावसाळ्यात दाजी गेले. त्यांच्यावर साप्ताहिकात चार ओळी आल्या, कुण्या नव्या पोराने लिहिलेल्या, त्यात अक्काचं नावही नव्हतं. आता दुकानात गिऱ्हाईक येतं, मुलं-सुना आहेत, घर भरलेलं आहे. पण मला एक बहीण होती हे ज्याला सांगावं असा माणूस राहिला नाही.