करामात उघडलेली रिओखा

दुबई विमानतळावरून करामा या जुन्या वस्तीकडे जाताना नजरेत भरल्या त्या क्रेन. अर्धवट इमारतींवर त्या उभ्या होत्या, पण एकही हलत नव्हती. टॅक्सीवाला हिंदीत म्हणाला, "काम खलास, मॅडम." आपला हा 'खलास' मुळात अरबी, हे मला तिथे गेल्यावर कळलं. २००९ सालचा फेब्रुवारी होता.

माझी धाकटी बहीण वैशाली करामातल्या एका जुन्या, बुटक्या इमारतीत राहत होती. तिचा नवरा महेश स्ट्रक्चरल इंजिनिअर. प्रोजेक्ट बंद पडला आणि त्याची नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही तर व्हिसा संपताच देश सोडावा लागणार होता. सामान बांधायला मदत व्हावी म्हणून मी नाशिकहून आले होते. महेश दिवसभर टीव्हीसमोर बसून असे, आवाज बंद करून. भाची रिया खोक्यांकडे बघून म्हणाली, "आय ॲम नॉट पॅकिंग माय बुक्स, मावशी," आणि खोलीत निघून गेली.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, महेशचा सहकारी हाविएर दुपारी जेवायला आला. हा स्पेनचा आर्किटेक्ट. त्याचीही नोकरी गेली होती आणि तो दोनच दिवसांत गावी परतणार होता. दारूसाठी तिथे लागणाऱ्या परवान्यावर घेऊन ठेवलेली रेड वाइनची एक बाटली त्याने आणली होती.

"ही रिओखाची. आमच्याकडचीच," तो इंग्रजीत म्हणाला. रिओखा हा उत्तर स्पेनमधला एब्रो नदीकाठचा प्रदेश. द्राक्षाची जात तेंप्रानियो, म्हणजे 'लवकर पिकणारं'. ओकच्या पिंपात मुरल्यामुळे वाइनला व्हॅनिलाचा वास येतो, असं त्याने सांगितलं. मी नाशिकची, त्यामुळे द्राक्षांबद्दल ऐकायला मला आवडतंच. पहिल्या घोटात आंबटगोड चेरी लागली, मग किंचित तुरटपणा, आणि शेवटी ओल्या लाकडासारखं काहीतरी जिभेवर राहिलं.

वैशालीने पाहुण्यासाठी हौसेने सुरमई तळली होती. माशाबरोबर मात्र वाइन एकदम लोखंडासारखी लागायला लागली. मी तोंड वाकडं केलं. हाविएर संकोचून म्हणाला, "चूक माझी. ही मटणाची वाइन आहे. आमच्याकडे द्राक्षाच्या काटक्यांवर कोकराच्या फासळ्या भाजतात, त्यांच्याबरोबर पितात."

"कालचं मटण आहे," वैशाली म्हणाली आणि गरम करून घेऊन आली. काळ्या मसाल्याचा तिखटपणा वाइनने जरा वाढवला, पण रश्श्यातल्या चरबीने तिचा तुरटपणा पार गेला. हाविएर घाम पुसत पोळीने रस्सा टिपून खात होता.

"गावी जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"छाटणी. वडिलांचा द्राक्षांचा मळा आहे. शेती नको म्हणूनच मी घर सोडलं होतं."

महेशने विचारलं, "लोकांना काय सांगणार?"

"नोकरी गेली, असंच. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा लाज वाटली. ते म्हणाले, कात्रीला धार लावून ठेवतो."

महेशने ग्लास खाली ठेवला आणि मराठीत म्हणाला, "वैशू, अबुधाबीला मुसफ्फात एका फॅब्रिकेशन यार्डात जागा आहे. सुपरवायझरची. मी नाही म्हणालो होतो."

"मला बोलला नाहीस."

"माझ्या हाताखालचा माणूस करायचा ते काम."

वैशालीने त्याच्याकडे पाहिलं. "मग तुला ते येत असेलच. जागा अजून आहे का, विचार."

त्याने गॅलरीत जाऊन फोन लावला. परत आला तेव्हा म्हणाला, "रविवारपासून कामावर बोलावलंय." रिया दारात उभी होती, ती कधी आली कळलंच नाही.

रविवारी आम्ही त्याला सोडायला मुसफ्फाला गेलो. अबुधाबीच्या कडेचा हा कारखान्यांचा भाग. लोखंड कापण्या-जोडण्याच्या शेडमधून ठिणग्या उडत होत्या, आणि कामगारांच्या बसमधून माणसं डबे घेऊन उतरत होती. महेश सेफ्टी बूट घालून त्यांच्याबरोबर आत गेला. वैशाली गाडीत रडली. मग म्हणाली, "चल, खोकी परत उघडायची आहेत."

मी परतले तेव्हा नाशिकला द्राक्षांची काढणी चालू होती. लोक मला दुबईच्या उंच इमारतींबद्दल विचारत. महेश आठवडाभर मुसफ्फाला राहतो आणि गुरुवारी करामाला येतो. पूर्वी मी फोन केला की मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवून द्यायचा. आता मागे यंत्रांची घरघर चालू असते आणि तो मोठ्याने ओरडून विचारतो, "ताई, जेवलात का?"